गळाला काय लावायचं?

मासेमारीचं सामान विकणाऱ्या कुठल्याही ॲपवर 'ल्युअर' शोधून बघा. रबरी बेडूक, पत्र्याचे चमचे, दोन तिहेरी गळ लटकवलेले प्लास्टिकचे मासे, जेलीसारखे लिबलिबीत किडे, असं शेकड्यांनी काय काय समोर येतं. त्याखालच्या वर्णनात एक नाव हमखास असतं : बास. 'उन्हाळा संपताना बाससाठी सर्वोत्तम.' नाशिकमध्ये बसून हे वाचताना दोन गोष्टी खटकतात. हा लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेचा, गोदावरीत तो नाही. आणि त्यांचा उन्हाळा संपतो ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा आपल्याकडे भाद्रपदातलं गढूळ पाणी वाहत असतं. आपला उन्हाळा मे महिन्यातच संपलेला असतो.

तरीही तो रबरी बेडूक आपल्याकडे चालतो. मी गेली चार वर्षं रविवारी पहाटे एका पाझर तलावावर जातो, आणि मरळ त्यावर झडप घालते, हे डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे उत्तर बरोबर, पण गणित वेगळं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. मग बास दिवसभर पाणवनस्पतींच्या सावलीत दबून बसतो आणि पहाटे-संध्याकाळी भक्ष्यावर निघतो. त्या गवतावरून न अडकता सरकेल अशी एकच वस्तू, गळाची टोकं पोटात लपवलेला पोकळ बेडूक. मरळीला मात्र पाण्यातल्या प्राणवायूची तितकी फिकीर नाही. तिच्या कल्ल्यांच्या वर हवा घेण्याचा अवयव असतो, ती पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेते. मे महिन्यात तळं आटून कोमट चिखल होतो, बाकीचे मासे मरगळतात, आणि ही वर येत राहते. वर येणाऱ्या शिकाऱ्याला वरच काहीतरी दाखवायचं. आमच्याकडचे जुने लोक गळाला जिवंत बेडकी लावत, ती याचसाठी.

ही खोट्या बेडकाची परंपरा तशी अलीकडची. गोष्ट अशी सांगतात की ज्युलिओ ब्यूएल नावाचा अमेरिकन होडीत जेवत बसला होता, हातातला चमचा पाण्यात पडला आणि बुडता बुडता एका माशाने तो पकडला. गोष्ट खरी असो नसो, चमच्याच्या आकाराच्या गळाचं पेटंट त्याने १८५२ मध्ये घेतलं, हे खरं. १९३६ मध्ये फिनलंडच्या लाउरी रापालाने बुचाचा मासा कोरला आणि त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली. १९४९ मध्ये ओहायोतल्या निक क्रीमने प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. तिघांचं तत्त्व एकच : माशाच्या नजरेला फसवा. खायला काहीच द्यायचं नाही.

याच्या बरोबर उलटा विचार आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला गेलाय, आणि तो एका राजाने लिहिलाय.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, पदवी भूलोकमल्ल. त्याची राजधानी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आमच्या सिन्नरकडचे यादव तेव्हा या घराण्याचे मांडलिक होते, म्हणजे नाशिकचा हा मुलूखही त्याच्याच छत्राखालचा. ११२९ ते ११३१ च्या दरम्यान त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, राजाला जे जे लागतं ते सगळं : राज्य कसं टिकवावं, हत्ती कसे पकडावेत, जेवायला काय असावं. इडलीचा पूर्वज शोधणारे लोक हाच ग्रंथ उघडतात. मराठीच्या इतिहासात तो येतो त्यात नोंदलेल्या मराठी गीतामुळे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. त्यातल्या 'मत्स्यविनोद' या अध्यायाकडे मात्र इडलीइतकं कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

मत्स्यविनोद म्हणजे गळाने मासे धरण्याचा खेळ. सोमेश्वर सुरुवात गळापासून करत नाही, माशांपासून करतो. पस्तीस प्रकारचे मासे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मध्यम, लहान. मग कोणाला काय खायला आवडतं : कुणाला तीळ, कुणाला भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कुणाला भात, कुणाला मांसाचे गोळे. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं. हे सरळसरळ टेबल आहे. एका रकान्यात मासा, पुढच्यात राहण्याची जागा, त्यापुढे अंगाची ठेवण, शेवटी आमिष. माशाचं नाव कळल्याशिवाय पुढचा एकही रकाना भरता येत नाही.

आणि खरी गंमत याच्या पुढे आहे. ते अन्न आधी माशांना नुसतंच घालायचं. ठरलेल्या जागी खाऊ घालून त्यांना तिथे यायची सवय लावायची, पोसायचं, आणि मग दोरी, काठी आणि लोखंडी गळ घेऊन राजाने बसायचं. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचं पहिलं छापील पुस्तक निघालं १४९६ मध्ये, सोमेश्वरानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी. त्यातही पिसांच्या खोट्या माश्या कशा बांधाव्यात याच्या कृती आहेत. तिकडे नजर, इकडे सवय. मला वाटतं यात पाण्याचाही हात असावा. पावसाळ्यात दख्खनच्या नद्या चहासारख्या होतात. तिथे चकाकणारा चमचा कुणाला दिसणार? तिळाचा वास मात्र पोचतो.

मराठीत आपण 'आमिष दाखवलं' म्हणतो. संस्कृतात आमिष म्हणजे मुळात मांस, खाण्याची वस्तू. फसवणुकीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. रबरी बेडूक दाखवायचाच असतो. सोमेश्वराचं आमिष खरोखर खायचं होतं. त्यामुळे ते कमी क्रूर ठरतं असं अजिबात नाही. महिनाभर भात घालून गळ टाकणारा माणूस मला एकदाच फसवणाऱ्यापेक्षा जास्त धास्तावणारा वाटतो.

पण राजाला हे सांगितलं कोणी? पस्तीस माशांच्या आवडीनिवडी सिंहासनावर बसून कळत नाहीत. त्या यादीत रोहित आणि पाठीन अशी ओळखीची संस्कृत नावं आहेत, पण बरीचशी नावं संस्कृत साहित्यात सहसा न भेटणारी, काठावरच्या लोकांच्या तोंडून आल्यासारखी वाटतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्या नावांना आजचे मासे जुळवायचा प्रयत्न केला. रोहित म्हणजे रोहू, हे सोपं. पण जिथे बोलीतलं नाव मेलं तिथे टेबलाची पहिली चावीच हरवली, आणि मग त्या ओळीतलं आमिष कुणाच्या उपयोगाचं राहिलं नाही.

सातशे वर्षांनी हेच पुन्हा घडलं, जरा बरं घडलं. मुंबई सरकारच्या नोकरीतला विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी दख्खनची मोजदाद करत फिरत होता. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली आणि कितीतरी माशांना लॅटिन नाव देताना मराठी नावच उचललं. शिंगाळा शास्त्रात आजही 'सीनघाला' आहे. कोळशी 'कोलस' आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महासीर 'खुद्री' आहे. म्हणजे जगातला कुठलाही मत्स्यशास्त्रज्ञ या माशांची नावं घेताना नकळत कुणा भोयाचा शब्द उच्चारतो. त्या भोयाचं स्वतःचं नाव कुठेही नाही. नावांच्या मागे कंसात छापलं जातं ते साइक्सचं.

आता पुन्हा तो रबरी बेडूक. ॲपवर त्याचा छोटा भाऊ मिळतो, मरळीच्या पिल्लांवर टाकण्यासाठी. मरळ पावसाळ्यात वीण घालते. शेकडो पिल्लं केशरी-लाल पुंजका करून पृष्ठभागावर फिरतात आणि नर-मादी त्यांच्या खाली पहारा देतात. त्या पुंजक्यात काहीही पडलं की आई-बाप झेप घेतात. भूक नसते, राखण असते. गळ तोंडात अडकतो, मासा बाहेर येतो, आणि पुंजका दुसऱ्या माशांच्या पोटात जातो. हमखास युक्ती म्हणून हिचे व्हिडिओ भरपूर आहेत.

बासही घरटं राखतो, नर राखतो. अमेरिकेतल्या काही राज्यांत त्या वसंतातल्या आठवड्यांत बासची मासेमारी बंद असते किंवा धरलेला मासा लगेच सोडावा लागतो. रबरी बेडूक समुद्र ओलांडून आपल्याकडे आला, तो नियम तिकडेच राहिला. आमच्या तलावावर जाळं टाकणारे एक भोई काका आहेत. त्यांनी हे व्हिडिओ पाहिलेले नाहीत. आषाढात पाण्यावर लाल ठिपका दिसला की ते तराफा दहा हात लांबून नेतात. मी विचारलं तर म्हणाले, "लेकुरवाळी हाय ती. दिवाळीनंतर बघू."