बडतर्फ कामगाराचा दाद मागण्याचा हक्क : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कामगार चळवळीचा इतिहास बहुधा संप, मोर्चे आणि वेतनवाढीचे लढे यांच्या अंगाने लिहिला जातो. मालकाने एखाद्या कामगाराला अन्यायाने कामावरून काढले तर त्या एकट्या माणसाने कोणाकडे जावे, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात मागे राहिला. वास्तविक कामगाराच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत निकडीचा असतो, कारण नोकरीबरोबर घरातील चूलही धोक्यात येते. प्रस्तुत शोधनिबंधात वर्धा जिल्ह्यातील कामगाराला हा हक्क केव्हा व कसा मिळाला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या राहिल्या, याचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) स्वातंत्र्यपूर्व काळातील बडतर्फ कामगाराच्या कायदेशीर स्थितीचा अभ्यास करणे.
२) मध्यप्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद निवारण अधिनियम, १९४७ याचे महत्त्व तपासणे.
३) त्यानंतरच्या कायद्यांतील व न्यायनिर्णयांतील बदलांचा मागोवा घेणे.

त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायद्यांतील तरतुदी आणि न्यायालयीन निर्णय यांचा आधार घेतला आहे.

पार्श्वभूमी : कापूस, रेल्वे आणि गिरण्या

वर्धा हा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि 'हिंगणघाट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या येथील कापसाला मुंबईची बाजारपेठ अधिक जवळची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात हिंगणघाट व पुलगाव येथे कापड गिरण्या उभ्या राहिल्या. भोवतालच्या खेड्यांतील शेतमजूर, कोष्टी व इतर कारागीर गिरणीत आले. शेतीचे चक्र सोडून भोंग्याच्या वेळेवर जगणारा एक नवा वर्ग या जिल्ह्यात निर्माण झाला.

या वर्गाच्या बाबतीत तत्कालीन कायदा एकतर्फी होता. १८५९ च्या कामगार करारभंग अधिनियमानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास वा मजुरास तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकत असे. हा कायदा प्रथम कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांसाठी होता, पुढे तो इतरत्रही लागू करण्यात आला आणि १९२५ च्या कायद्याने तो रद्द झाला. याउलट मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंग नव्हता. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाचे तत्त्व असे होते की, व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळावयास लावणार नाही. परिणामी बडतर्फ कामगार फार तर नोटिशीच्या मुदतीचा पगार नुकसानभरपाई म्हणून मागू शकत होता. नोकरी परत मागू शकत नव्हता. दिवाणी दाव्याचा खर्च ध्यानात घेता हा हक्कही नावापुरताच होता.

१९४७ चा प्रांतिक कायदा

१९४७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी केंद्राचा औद्योगिक विवाद अधिनियम अमलात आला. त्याच वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाड प्रांताने स्वतःचा औद्योगिक विवाद निवारण अधिनियम केला. दोन्ही कायद्यांचा उद्देश औद्योगिक शांतता हाच असला तरी बडतर्फ कामगाराच्या बाबतीत त्यांच्यात मूलभूत फरक होता.

केंद्रीय कायद्यातील 'औद्योगिक विवाद' ही कल्पना सामूहिक होती. एका कामगाराच्या बडतर्फीला संघटनेचा अथवा सहकाऱ्यांच्या लक्षणीय गटाचा पाठिंबा नसेल, तर ती औद्योगिक विवाद मानली जात नसे. ज्या गिरणीत संघटना दुबळी किंवा मालकाच्या कलाने चालणारी, तेथील कामगार अशा वेळी उघडा पडे.

प्रांतिक कायद्याच्या कलम १६ ने वेगळी वाट स्वीकारली. अधिसूचित उद्योगातील कर्मचाऱ्याला बडतर्फी, सेवामुक्ती किंवा निलंबन झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत कामगार आयुक्तांकडे पुनर्स्थापनेसाठी व बुडालेल्या वेतनाच्या भरपाईसाठी स्वतः अर्ज करता येत असे. बडतर्फी या कायद्याच्या किंवा स्थायी आदेशांच्या विरोधात असेल, तर आयुक्त त्याला कामावर परत घेण्याचा आणि मधल्या काळाचे वेतन देण्याचा आदेश देऊ शकत. आणखी एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. जो दोष मालकाच्या ध्यानात येऊन सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला आहे, त्याच दोषासाठी केलेली बडतर्फीही आव्हानास पात्र होती. जुनी चूक हाताशी ठेवून संघटनेत पुढे येणाऱ्या कामगारावर नंतर तिचा वापर करणे, ही वाट या तरतुदीने अडवली गेली. आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य औद्योगिक न्यायालयाकडे पुनरीक्षणाची सोय होती.

या हक्काची कसोटी सर्वोच्च न्यायालयात लागली. नागपूरच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्स्पोर्ट सर्व्हिसेस या कंपनीच्या प्रकरणात, एकट्या बडतर्फ कर्मचाऱ्याचा अर्ज चालू शकत नाही, असा मालकपक्षाचा युक्तिवाद होता. १९५६ मध्ये न्यायालयाने तो अमान्य केला आणि कलम १६ खालील व्यक्तिगत अर्ज वैध ठरविला. केंद्रीय कायद्यात हीच सोय कलम २-अ च्या रूपाने १९६५ मध्ये आली. म्हणजे जी दाद इतरत्र अठरा वर्षांनी मिळाली, ती हिंगणघाट व पुलगावच्या भागात आधीच कायद्यात होती.

राज्ये बदलली, कायदे बदलले

वर्धा जिल्हा १९५० नंतर मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. पुढे प्रांतिक कायद्याची जागा विदर्भात मुंबई औद्योगिक संबंध अधिनियमाने घेतली. कामगार त्याच यंत्रावर उभा होता, पण त्याच्या अर्जाचा पत्ता बदलत गेला.

या काळात हक्काचा आशयही विस्तारला. १९५८ च्या इंडियन आयर्न अँड स्टील प्रकरणातील निर्णयानुसार सूडबुद्धी, सद्भावनेचा अभाव, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा पुराव्याशी विसंगत निष्कर्ष आढळला तरच न्यायाधिकरण हस्तक्षेप करू शकत असे. १९७१ मध्ये आलेल्या कलम ११-अ मुळे शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी आहे काय, हे तपासण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याने सूडबुद्धीने केलेली व खोट्या आरोपांवर आधारलेली बडतर्फी ही अनुचित प्रथा ठरविली. हा कायदा १९७५ मध्ये अमलात आला.

'कामगार' या व्याख्येबाहेरील वर्गाचा प्रश्न मात्र शिल्लक होता. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालील कामगार नाही, असा निर्णय दिला. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना १९७७ च्या स्वतंत्र कायद्याने शाळा न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करण्याचा मार्ग दिला होता. याच कायद्यातून उद्भवलेल्या दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सेवासमाप्ती बेकायदेशीर ठरल्यास पूर्ण मागील वेतनासह पुनर्स्थापना हा सामान्य नियम असल्याचे प्रतिपादन केले. मागील वेतन नाकारणे म्हणजे चूक करणाऱ्या मालकाला बक्षीस देणे होय, असा या निर्णयाचा आशय आहे.

हक्काच्या मर्यादा

कायद्यातील हक्क आणि तो बजावण्याची कुवत या दोन भिन्न गोष्टी आहेत. एक वर्षाची सलग सेवा सिद्ध करण्यासाठी २४० दिवसांचे काम दाखवावे लागते आणि त्या पुराव्याची जबाबदारी कामगारावर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. हजेरीपट मालकाकडे आणि पुराव्याचा भार कामगाराकडे, ही विसंगती बदली व कंत्राटी कामगारांना सर्वाधिक जाचक ठरते. नियुक्तीपत्रच नसेल तर बडतर्फी तरी कशी सिद्ध करावयाची?

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. एकाला काढले तर कायदा विचारतो, दोष काय? पण गिरणीच बंद झाली तर परत जाण्यासाठी जागाच उरत नाही. उद्योग बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या आस्थापनांना होते. १९८२ च्या दुरुस्तीने ते १०० वर आणले गेले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने ते पुन्हा ३०० केले. व्यक्तिगत बडतर्फीविरुद्ध थेट न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदतही तीन वर्षांवरून दोन वर्षे झाली. त्याच दिवशी अमलात आलेल्या दुसऱ्या एका संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणे आवश्यक केले, ही मात्र स्वागतार्ह बाब होय.

निष्कर्ष

१) स्वातंत्र्यपूर्व काळात काम सोडणारा मजूर अपराधी ठरू शकत होता, कामावरून काढणारा मालक केवळ किरकोळ भरपाईस पात्र होता.
२) १९४७ च्या प्रांतिक कायद्याने या भागातील कामगाराला संघटनेवर अवलंबून न राहता दाद मागण्याचा हक्क दिला. राष्ट्रीय पातळीवर तो नंतर आला. कामगार कायद्याच्या इतिहासात मध्यप्रांत व वऱ्हाडचे हे योगदान दुर्लक्षित राहिले आहे.
३) पुढील कायद्यांनी हक्काची व्याप्ती वाढविली, परंतु पुराव्याचा भार व विलंब यांमुळे तो दुर्बलांच्या हाती क्वचितच पोहोचला.
४) व्यक्तिगत बडतर्फीपासूनचे संरक्षण उद्योगबंदीच्या प्रसंगी अपुरे पडते.

सारांश, साध्या अर्जावर एकट्या कामगाराचे ऐकून घेणे हे १९४७ च्या कलम १६ चे मर्म होते. नव्या संहितांची अंमलबजावणी होत असताना हिंगणघाट-पुलगावसारख्या गावांतील कामगाराला तेवढी सुलभता मिळते किंवा नाही, यावरच या हक्काचे खरे मूल्य ठरणार आहे.