गोंदिया जिल्हा परिषदेतील मतविनिमय : एक ऐतिहासिक अभ्यास (२०१५ ते २०२२)

प्रस्तावना :
प्रातिनिधिक सभागृहात किंवा त्याच्या समितीत एका सदस्याने दुसऱ्याच्या प्रस्तावास मत द्यावे व त्या बदल्यात स्वतःच्या प्रस्तावासाठी त्याचे मत मिळवावे, या व्यवहारास मतविनिमय म्हणता येईल. जेम्स बुकॅनन व गॉर्डन टलॉक यांनी १९६२ मध्ये त्याची सैद्धांतिक मांडणी केली. अल्पसंख्य गटाची निकड त्यामुळे मान्य होऊ शकते. मात्र व्यवहाराबाहेर राहिलेल्यांवर त्याचा भार पडतो. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्हा परिषदेतील दोन सत्तास्थापनांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा अधिनियम संमत झाला व १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा गोंदिया जिल्हा निर्माण झाला. अध्यक्ष, उपाध्यक्ष व विषय समित्यांचे सभापती ही पदे सदस्यांच्या मतांवर ठरतात. साहजिकच विनिमयाचे मुख्य साधन पद हेच ठरते.

विवेचन :
२०१५ च्या निवडणुकीत ५३ जागांपैकी राष्ट्रवादी काँग्रेसला २०, भारतीय जनता पक्षाला १७ व काँग्रेसला १६ जागा मिळाल्या. बहुमतासाठी २७ मते आवश्यक होती. काँग्रेस व भाजप एकत्र आले. काँग्रेसच्या उषा मेंढे अध्यक्ष व भाजपच्या रचना गहाणे उपाध्यक्ष झाल्या. तिन्ही पक्षांत सर्वांत लहान असलेल्या पक्षास सर्वोच्च पद मिळाले, तर सर्वांत मोठा पक्ष सत्तेबाहेर राहिला.

जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागले तेव्हा भाजपला २६ जागा, म्हणजे बहुमतास एक कमी, मिळाल्या. काँग्रेसला १३ व राष्ट्रवादीला ८ जागा होत्या. राज्यात हे दोन्ही पक्ष महाविकास आघाडीत एकत्र असतानाही मे २०२२ मध्ये गोंदियात राष्ट्रवादीने भाजपची साथ केली. भाजपचे पंकज रहांगडाले अध्यक्ष, तर राष्ट्रवादीचे यशवंत गणवीर उपाध्यक्ष झाले.

या दोन्ही प्रसंगी व्यवहार सदस्यासदस्यांत न होता पक्षापक्षांत झाला. १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमानुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते. फुटीर मतांच्या खरेदीस त्यामुळे आळा बसतो. परंतु सदस्याचे मत पक्षनेतृत्वाच्या हाती एकवटते.

निष्कर्ष :
सालेकसा व देवरी या तालुक्यांच्या सदस्यांनी रस्ता व आरोग्य केंद्र यांसाठी परस्परांस मते दिली, तर त्याचा लाभ मतदारास दिसतो व त्याची नोंद ठरावात राहते. पदांच्या विनिमयात मात्र केवळ निवडीचा निकाल इतिवृत्तात येतो, अटी सभागृहाबाहेर ठरतात. ज्या पक्षाविरुद्ध मत दिले त्याच पक्षाशी आपल्या प्रतिनिधीने कोणत्या अटींवर सख्य केले, हे मतदारास कळत नाही. म्हणून दोष विनिमयाचा नसून त्याच्या अप्रकटतेचा आहे. सत्तास्थापनेपूर्वी सहमतीच्या अटी सभागृहात लेखी मांडण्याचे बंधन असल्यास ही उणीव दूर होऊ शकेल.