'लाईन गेली' म्हणजे नेमकं काय गेलं? एका शब्दाचे मराठीतले अनेक अर्थ

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात, डोणगावला, कुणी 'लाईन गेली' म्हणालं तर त्याचा अर्थ एकच: वीज गेली. पुण्या-मुंबईत यालाच 'लाईट गेली' किंवा 'लाईट गेले' म्हणतात. त्यामुळे गावाकडून 'लाईन नाही, नंतर बोलतो' असा मेसेज आला, की शहरात वाढलेल्या भाच्याला वाटतं, फोनचं नेटवर्क गेलं असेल.

इंग्रजीत 'लाईन' म्हणजे मुळात रेघ किंवा तार. विदर्भात तारेचं नाव तारेतून येणाऱ्या विजेलाच चिकटलं. मराठीने या शब्दाला स्त्रीलिंगी करून घेतलं आणि त्याची रूपंही चालवली: लाईनीत, लाईनीवर, लाईनीनं.

शेतात गेल्यावर हा शब्द आणखी ताणला जातो. तिथे विहिरीपासून पिकापर्यंत गेलेली पाईपलाईन, तीही लाईनच. त्यामुळे 'लाईन आली, पण लाईन फुटली' हे वाक्य ऐकणाऱ्याला मुळीच कोड्यात टाकत नाही. वीज आली, पाईप फुटला. 'आली' आणि 'फुटली' ही क्रियापदंच अर्थ सांगून जातात.

पण सगळीकडे क्रियापद पुरत नाही, आणि इथे प्रश्न जिवाचा असतो. बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा असतो. शेतीपंपाला थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. त्यामुळे घरात पंखा फिरत असताना शेतात लाईन नसते, किंवा रात्री याच्या उलट. शिवाय 'लाईन आहे' म्हणजे तिन्ही फेज आहेत असंही नाही. एक फेज नसताना मोटार चालू केली तर ती जळू शकते. म्हणून जाणता शेतकरी 'लाईन आली काय?' एवढ्यावर थांबत नाही. 'तिन्ही फेज आले काय?' हेही विचारतो.

'लाईन गेली' आणि 'लाईन बंद केली' यातला फरक तर फारच मोठा. बंद केलेली लाईन कुणीतरी जाणूनबुजून बंद केलेली असते. गेलेली लाईन कुणालाही न विचारता परत येते. पंपाला ऑटो स्विच लावलेला असेल, तर मोटारही आपोआप सुरू होते. लाईन गेली आहे एवढ्या भरवशावर स्टार्टरच्या पेटीत हात घालणं म्हणूनच धोक्याचं. लाईनमनसुद्धा खांबावर चढण्याआधी उपकेंद्राकडून परमिट घेतो, म्हणजे लाईन बंद केल्याची आणि काम संपेपर्यंत ती सुरू होणार नसल्याची खात्री. तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता 1912 वर कळवावं.

बाकीचे अर्थ त्यामानाने निरुपद्रवी. रेशन दुकानापुढे 'लाईन लागते', तिथे ती रांग. कॉलेजच्या गेटवर 'लाईन मारतात', तिथे ती काय असते हे सांगायला नकोच. 'लाईन देणं' हे त्याचं उत्तर. 'पोरगा लाईनीवर आला' म्हणजे सुधारला. 'आपली लाईन वेगळी' म्हणजे धंदा किंवा क्षेत्र वेगळं.

रेल्वेची लाईन मेहकर तालुक्यात नाही. जिल्ह्यात ती मलकापूर, नांदुरा, शेगावकडून जाते, आणि जलंबहून खामगावला एक छोटा फाटा येतो. मुंबईकराला मात्र 'कुठल्या लाईनीला राहता?' असं विचारलं की उत्तर वेस्टर्न, सेंट्रल किंवा हार्बर असंच येणार. तिथलंच मरीन लाईन्स हे नाव रेल्वेच्या रुळांमुळे पडलेलं नाही. ते इंग्रजांच्या काळातल्या मरीन बटालियनच्या वसाहतीवरून आलं. सैनिकांची घरं ओळीने असत, म्हणून वसाहतीलाच 'लाईन्स' म्हणू लागले. नागपूरचं सिव्हिल लाईन्स आणि गावोगावची पोलीस लाईन याच घराण्यातली.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'लिनम' या शब्दात आहे, आणि लिनम म्हणजे विदर्भाच्या ओळखीचं जवस. जवसाच्या झाडापासून काढलेल्या धाग्याची दोरी, ती 'लिनिया'. त्यावरून पुढे लाईन. भिंत सरळ यावी म्हणून गवंडी आजही दोन टोकांना ताणून बांधतो, तिला म्हणतात लाईनदोरी. अर्थ पाहिला तर दोरीदोरी.