तिरक्या तोफेचं कूळ

मे १९४३ मध्ये जर्मन वैमानिक रुडोल्फ शोनर्टनं रात्रीच्या अंधारात एका ब्रिटिश बॉम्बरच्या पोटाखाली आपलं मेसरश्मिट ११० आणलं. केबिनच्या मागच्या भागात तिरक्या उभ्या केलेल्या तोफांनी त्यानं तो बॉम्बर पाडला. त्याच महिन्यात तिकडे पॅसिफिकमधल्या राबौलला शिगेतोशी कुदो या जपानी वैमानिकानं अशाच तिरक्या तोफांनी दोन अमेरिकी बी-१७ बॉम्बर पाडले.

एकाच महिन्यात, जगाच्या दोन टोकांना, एकच युक्ती. मग कोणी कोणाची उचलली?

एकाच गोटातली राष्ट्रं होती ती, तेव्हा टोकियो-बर्लिन वकिलातींमधून कागद गेले असतील, हे उत्तर सगळ्यांत सोपं. मला ते पटत नाही. शोनर्ट १९४१ पासून या कल्पनेच्या मागे होता आणि १९४२ मध्ये डॉर्नियर विमानांवर चाचण्याही झाल्या होत्या. जपानकडे यासुना कोझोनो हा अधिकारी वरिष्ठांचा विरोध पत्करून टेहळणी विमानांत फेरबदल करून घेत होता, आणि त्याच्या विमानांत काही तोफा खालीही रोखलेल्या होत्या. नक्कल करणारा माणूस अशी उलटी जोड कशाला देईल?

दुसरं उत्तर पहिल्या महायुद्धात नेतं. ब्रिटिश वैमानिक अल्बर्ट बॉल न्यूपोर्ट विमानाच्या वरच्या पंखावरची लुईस बंदूक वर वळवून शत्रूच्या पोटात गोळ्या घालत असे. १९१६ मध्ये त्याच्याच देशाच्या लीफ रॉबिन्सननं जर्मन वायुनौका एसएल-११ खालूनच पेटवली. आपला कोलकात्याचा इंद्रलाल रॉय ज्या एसई-५ए विमानातून लढला, त्याच्याही वरच्या पंखावर तीच सोय होती. म्हणजे कल्पना कोणाच्याच मालकीची नव्हती. पण मग ती पंचवीस वर्षांनी, आणि तीही एकाच महिन्यात दोन ठिकाणी का फळली?

माझ्या मते याचं उत्तर वैमानिकांत नाही, तोफेत आहे. शोनर्टची तोफ एमजी एफएफ, २० मिलिमीटरची. जपानी नौदलाची टाइप ९९ हीदेखील २० मिलिमीटरचीच. दोन्ही स्वित्झर्लंडच्या ओर्लिकोन कारखान्याच्या परवान्यावर बनलेल्या, सख्ख्या बहिणीच म्हणा. आणि ओर्लिकोनचं मूळ? पहिल्या महायुद्धातली जर्मनीचीच बेकर तोफ. व्हर्सायच्या तहानं जर्मनीत अशा शस्त्रांवर बंदी आली, तेव्हा बेकरचे हक्क स्वित्झर्लंडमधल्या सेमाग कंपनीकडे गेले आणि तिच्याकडून १९२४ मध्ये ओर्लिकोनकडे. तिथं सुधारून, परवान्याचे पैसे मोजून, ती पुन्हा बर्लिनच्या इकारिया कारखान्यात आली. माहेरची लेक परक्या आडनावानं परतली.

या तोफेचा स्वभाव बघा. वजन २८ किलोच्या आसपास, नळी आखूड, गोळ्या पट्ट्यातून नव्हे तर गोल डब्यातून. तिच्यानंतर आलेली एमजी १५१/२० बेचाळीस किलोंची. एमजी एफएफच्या गोळ्यांचा वेग कमी, म्हणून दिवसाच्या लढाईत ती मागे पडत चालली होती. पण सावज डोक्यावर शंभर मीटरच्याही आत असेल, तर वेगाचं कोणाला पडलंय? पट्ट्याची वाट काढावी लागत नाही, म्हणून केबिनमध्ये ती उभीही करता येते. शोनर्टच्या तुकडीतला पाउल माले हा तोफा सांभाळणारा मिस्त्री. त्यानं टणक लाकडाच्या बैठकीवर दोन तोफा बसवल्या. कारखान्यातला तयार संच त्यानंतर आला.

वैमानिकाच्या डोक्यावर आरशाचं नेमयंत्र बसवलं. नेम धरायचा तो पंखातल्या इंधनटाक्यांवर. पोटात नको, कारण तिथं बॉम्ब. गोळ्यांचा माग दिसू नये म्हणून झगझगीत ट्रेसरही टाळले जात. या सगळ्याला जर्मनांनी नाव दिलं ‘श्रेगे मुझीक’, म्हणजे तिरकं संगीत. जॅझला ते असंच म्हणत.

१७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री पेनेम्युंडेच्या जर्मन रॉकेट-केंद्रावर हल्ला झाला, त्यात ब्रिटिशांचे चाळीस बॉम्बर गेले. शोनर्टच्या तुकडीतल्या अशा दोनच विमानांनी त्यांतले सहा घेतले, असं मानलं जातं. ब्रिटिशांच्या लँकॅस्टर बॉम्बरच्या पोटाखाली बहुधा बंदूक नसे. तिथं बऱ्याचदा रडारचा घुमट असे. त्यामुळे मरणाऱ्यांनाही कळत नसे आपल्याला कशानं मारलं. आकाशात अचानक उठणारे जाळ पाहून ब्रिटिश वैमानिक समजत, की जर्मन आपल्याला भिववायला नकली स्फोटाचे गोळे सोडताहेत. असले गोळे जर्मनांकडे नव्हतेच. ती त्यांच्याच सोबत्यांची विमानं होती.

म्हणून श्रेयाची वाटणी मी अशी करतो : जिद्द शोनर्ट आणि कोझोनोची, पण जोड जमला तो बेकरच्या आखूड तोफेमुळे. जड, पट्टेवाली तोफच हाताशी असती तर मालेचं लाकूड पुरलं नसतं. ओर्लिकोननं परवाने देताना गिऱ्हाईक निवडलं नाही. ब्रिटिश आणि अमेरिकी युद्धनौकाही त्याच घराण्यातल्या २० मिलिमीटर तोफांनी जपानी विमानांवर मारा करत होत्या.