सुबोधतेचे फर्मान

बऱ्हाणपुराच्या उत्तरेस उभ्या असलेल्या आशीरगडाचा पाडाव करून 1601 च्या जानेवारीत अकबराने फारुकींचा खानदेश खालसा केला, तेव्हा त्या मोहिमेत असलेल्या अबुल फजलच्या खाती याहून सौम्य अशी एक कामगिरी आधीच जमा होती. बुद्धीने मंद अशा तीन राजपुत्रांना नीती उमगावी म्हणून विष्णुशर्म्याने सांगितल्याचे मानले जाणारे पंचतंत्र, अरबीतून फारसीत जाता जाता, हुसेन वाइज काशिफीच्या ‘अन्वार-इ-सुहैली’त अलंकारांच्या भाराने दुर्बोध झाले होते; ते बादशहाच्या हुकुमावरून अबुल फजलने 1588 मध्ये ‘इयार-इ-दानिश’ या नावाने सुबोध फारसीत उतरवले. ग्रंथ कळेना तर दोष वाचकाचा न मानता भाषेचा मानला गेला, ही गोष्ट मला गड जिंकण्याहून थोर वाटते. अडखळत वाचणाऱ्या मुलांसाठी आज पुस्तके सोपी करून लिहिणाऱ्यांनी आशीरगड चढताना अबुल फजलचे स्मरण अवश्य करावे.