रूटरबर्ग : एल्बकाठचे ‘ग्रामप्रजासत्ताक’

हॅम्बर्ग सोडून एल्ब नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जाऊ लागले, की ड्योमित्स या जुन्या दुर्गनगराच्या थोडे अलीकडे, नदीच्या उजव्या तीरावरच्या उंचवट्यावर रूटरबर्ग हे छोटेसे गाव लागते. लाल विटांची घरे, मागे पाइनची झाडी, पुढे कुरणे आणि त्यापलीकडे नदीचे रुंद, संथ पात्र. उत्तर जर्मनीत अशी गावे पुष्कळ आहेत. परंतु स्वतःच्याच देशाने चहूबाजूंनी कुंपण घालून बंदिस्त केलेले आणि अखेर स्वतःला प्रजासत्ताक म्हणून घोषित करणारे गाव मात्र हे एकच. ही घोषणा झाली ८ नोव्हेंबर १९८९ रोजी, म्हणजे बर्लिनची भिंत खुली होण्याच्या बरोबर एक दिवस आधी.

रूटरबर्ग हे नाव तसे अलीकडचे आहे. १९३८ पर्यंत गाव ‘वेंडिश वेनिंगन-ब्रोडा’ या नावाने ओळखले जाई. ‘वेंडिश’ म्हणजे वेंड लोकांचे. जर्मन भाषक येण्यापूर्वी एल्बच्या दोन्ही काठांवर स्लाव्ह वंशाच्या ज्या टोळ्या राहत, त्यांना जर्मन लोक वेंड म्हणत. ‘ब्रोडा’ या नावातही स्लाव्ह भाषांतला ‘ब्रोड’, म्हणजे नदी पायी ओलांडण्याचा उतार, हा शब्द ऐकू येतो. जवळच वेनिंगन नावाचे दुसरे गाव आहे. ते हॅनोव्हरच्या सत्तेखाली, तर हे मेक्लेनबर्गच्या. नाझी राजवटीत स्लाव्ह वळणाची ग्रामनामे पुसून टाकण्याची जी लाट आली, तीत या गावाचे जुने नाव गेले. ‘रूटर’ म्हणजे तिकडच्या बोलीत घोडेस्वार आणि ‘बर्ग’ म्हणजे टेकडी. गावाची ओळख वरून ठरवली जाण्याचा हा पहिला प्रसंग म्हणता येईल. शेवटचा मात्र नव्हे.

गावाच्या चरितार्थाचे साधन जमिनीखाली होते. येथील चिकणमाती विटांसाठी उत्तम. त्यामुळे येथे विटांचा कारखाना उभा राहिला आणि तयार माल वाहून नेण्यास दाराशीच नदी होती. शेती, लाकूड कापण्याची गिरणी, नदीवरची कामे आणि वीटभट्टी यांवर गाव जगत असे. नदी ही तेव्हा सीमा नव्हती, तर वाट होती. समोरच्या काठावरच्या डामनात्ससारख्या गावांशी येणे-जाणे हा नदीकाठच्या जीवनाचा भागच होता. शेजारच्या ड्योमित्सला तर १८७३ पासून जवळजवळ एक किलोमीटर लांबीचा रेल्वेपूल होता. पुढे रस्त्यासाठीही पूल झाला. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपत आले असताना, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी हे पूल उद्ध्वस्त केले. रेल्वेपुलाचे पश्चिमेकडचे कमानीदार अवशेष आजही कुरणात उभे आहेत.

युद्धानंतर काही आठवडे पश्चिम मेक्लेनबर्ग ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होते. १ जुलै १९४५ रोजी हा प्रदेश सोव्हिएत सैन्याकडे सोपवण्यात आला आणि नदीच्या दोन्ही काठांवर दोन वेगळ्या व्यवस्था सुरू झाल्या. मे १९५२ मध्ये पूर्व जर्मन सरकारने संपूर्ण सीमेलगत पाच किलोमीटरचा निर्बंधित पट्टा आखला. त्यात पाचशे मीटरचा अधिक कडक संरक्षक पट्टा होता आणि अगदी सीमेला लागून दहा मीटरची नांगरलेली मोकळी पट्टी. पाचशे मीटरच्या पट्ट्यातील रहिवाशांनी सूर्यास्तानंतर घराबाहेर राहू नये, परवान्याशिवाय पाहुणा आणू नये, सभा-समारंभ रात्री दहाच्या आत आटोपावेत, असे नियम झाले. ज्यांच्या निष्ठेविषयी सरकारला शंका होती, त्यांना सक्तीने हलवण्यात आले. १९५२ च्या उन्हाळ्यात संपूर्ण सीमेवरून आठ हजारांहून अधिक माणसे अशी उठवली गेली आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये आणखी सुमारे तीन हजार. थुरिंगिया प्रांतात पहिल्या मोहिमेला जे सांकेतिक नाव दिले गेले, त्याचा अर्थ होता ‘कीड’. सत्तेची भाषा कधी कधी तिच्या हेतूपेक्षाही स्पष्ट बोलते.

रूटरबर्गची अवस्था इतर सीमावर्ती गावांहून अधिक बिकट झाली, ती त्याच्या भूगोलामुळे. गाव नदीला अगदी खेटून आहे. त्यातून येथील सीमा नेमकी कोठे, यावरच वाद होता. श्नाकेनबुर्ग ते लाउएनबुर्ग या सुमारे ९५ किलोमीटरच्या टप्प्यात एल्ब हीच सीमा होती. पूर्व जर्मनीचे म्हणणे असे, की सीमा पात्राच्या मध्यातून जाते. पश्चिम जर्मनी १९४४ च्या लंडन कराराचा आधार घेऊन सांगे, की संपूर्ण पात्र आपले असून सीमा पूर्वेकडच्या काठावर आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये गोर्लेबेनजवळ नदीच्या मापनासाठी आलेल्या पश्चिमेकडील जहाजावरून प्रकरण एवढे चिघळले, की ब्रिटिश सैन्याला काठावर यावे लागले. १९७३ पासून दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगाने जवळजवळ सगळी सीमा निश्चित केली, पण एल्बचा हा तुकडा एकीकरणापर्यंत अनिर्णितच राहिला. वाद पाण्याचा होता. किंमत काठावरच्या माणसांनी मोजली.

नदीच्या बाजूला कुंपण होतेच. १९६७ मध्ये गावाच्या मागे, पूर्व जर्मनीच्या अंतर्भागाच्या बाजूलाही कुंपण उभारले गेले आणि वेढा पूर्ण झाला. आता गावात जाण्या-येण्यास एकच दरवाजा उरला आणि त्यावर पहारा. रात्री अकरा ते पहाटे पाच हा दरवाजा बंद असे. उशीर झालेल्याने रात्र बाहेर काढावी. आपल्याकडील जुन्या गावांच्या वेशीही रात्री बंद होत, पण त्या बाहेरच्यापासून गावाचे रक्षण करण्यासाठी. येथे वेशीची किल्ली गावाकडे नव्हती. ओळखपत्र दाखवल्याशिवाय रहिवाशालाही स्वतःच्या घरी जाता येत नसे. बाहेरच्या नातलगाला लग्नासाठी वा अंत्यविधीसाठी यायचे, तर आधी अर्ज करून परवाना मिळवावा लागे आणि मित्रमंडळींना तो मिळणे दुरापास्तच. नदी डोळ्यांसमोर वाहत होती, मात्र तिच्या पाण्याला हात लावणे शक्य नव्हते.

अशा गावात तरुण टिकत नाहीत. वीटभट्टी आणि लाकडाची गिरणी बंद होऊन पाडली गेली, तसा रोजगारही गेला. एके काळची सुमारे तीनशेची वस्ती निम्म्यावर, दीडशेच्या आसपास आली. सरकारला तरी याहून वेगळे काय हवे होते, असा प्रश्न पडतो. कारण सीमेवरचे गाव आपणहून ओस पडले, तर पहाऱ्याचे काम सोपेच होते.

तरीही जे राहिले, त्यांनी गाव सोडले नाही आणि या चिकाटीला १९८९ च्या शरद ऋतूत वाचा फुटली. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले. १८ ऑक्टोबरला एरिक होनेकर पायउतार झाले. शहरांत लाखोंचे मोर्चे निघत होते, पण दीडशे माणसांच्या बंदिस्त गावाने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर शोधले हान्स रासेनबेर्गर या गावच्या शिंप्याने. स्वित्झर्लंडच्या मूळ कँटनांचे त्यांना आकर्षण होते. डोंगरदऱ्यांतल्या लहान समुदायांनी एकत्र येऊन स्वतःचे कायदे स्वतः करायचे, ही ती कल्पना. त्या परंपरेतील रूट्लीच्या कुरणावरची शपथ जर्मन भाषकांना शिलरच्या ‘विल्हेल्म टेल’ या १८०४ मधील नाटकामुळे तोंडपाठ असते. रूट्ली आणि रूटरबर्ग या नावांतले साम्य निव्वळ योगायोगाचे, पण योगायोगही कधी कधी कामास येतो.

रासेनबेर्गर यांनी ग्रामसभा भरवण्याची रीतसर परवानगी मागितली. ही बाब महत्त्वाची आहे. कुंपण तोडण्याची किंवा पळून जाण्याची ही योजना नव्हती. त्याच राज्याच्या नियमांनुसार सभा बोलवायची आणि तीत त्या नियमांनाच आव्हान द्यायचे, असा हा मार्ग होता. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुमारे नव्वद गावकरी जमले. दीडशे वस्तीच्या गावात नव्वद म्हणजे चालू-फिरू शकणारे बहुतेक सगळे प्रौढ. प्रशासनाचे व पोलिसांचे अधिकारीही सभेस हजर होते. बावीस वर्षे परक्यांनी केलेल्या नियमांनी आम्हाला जगापासून तोडले, तेव्हा यापुढे गावाचे नियम गावाने करावेत, असा प्रस्तावाचा आशय होता. रूटरबर्ग हे ‘डोर्फरेपुब्लिक’, म्हणजे ग्रामप्रजासत्ताक असेल, असा ठराव एकमताने संमत झाला.

त्याच दिवशी बर्लिनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या पॉलिटब्युरोने सामुदायिक राजीनामा दिला होता, पण दुसऱ्या दिवशी काय होणार आहे, हे त्या सभागृहात कोणालाही ठाऊक नव्हते. म्हणूनच या ठरावाचे मोल अधिक वाटते. ९ नोव्हेंबरच्या रात्रीनंतर धाडस दाखवणे सोपे होते. ८ तारखेला हात वर करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच दरवाजातून, त्याच पहारेकऱ्याला ओळखपत्र दाखवून कामावर जायचे होते. तसे काही घडण्याची वेळ आली नाही. बर्लिनची भिंत खुली झाली आणि त्यानंतर काही दिवसांतच रूटरबर्गच्या दरवाजाचा पहाराही संपला.

एकीकरणानंतर गावाने ती उपाधी थट्टेवारी नेली नाही. १९९१ मध्ये मेक्लेनबर्ग-फोरपॉमेर्न राज्याच्या गृहखात्याने गावाला ‘ग्रामप्रजासत्ताक’ हे बिरुद वापरण्याची अधिकृत अनुमती दिली आणि ते गावाच्या पाटीवर झळकले. गावकऱ्यांनी आपल्या इतिहासाचे छोटेसे संग्रहालयही उभे केले. त्यात कुंपणाच्या काळातील वस्तू व कागदपत्रे आहेत. जवळच्या ड्योमित्सच्या किल्ल्यातही एक संग्रहालय आहे. त्या किल्ल्यात १८३९-४० मध्ये लेखक फ्रिट्झ रॉयटर राजकीय कैदी होता आणि पुढे त्याने आपल्या कैदेच्या आठवणी याच भागातल्या ‘प्लाट’ बोलीत लिहिल्या. बंदिवासाचे साहित्य या परिसराला नवे नाही.

१८ डिसेंबर १९९२ रोजी ड्योमित्सचा नवा रस्त्याचा पूल वाहतुकीस खुला झाला आणि समोरचा काठ सत्तेचाळीस वर्षांनी पुन्हा शेजार झाला. माणसांना मज्जाव असलेल्या काठावर इतकी वर्षे वन्यजीवन निर्वेध वाढले होते. १९९७ मध्ये युनेस्कोने एल्बच्या या खोऱ्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. क्रौंच, करकोचे, समुद्री गरुड आणि बीव्हर पाहण्यासाठी लोक येथे येतात. नदीकाठच्या सायकलमार्गावरून जाणारे प्रवासी टेकडीवरच्या मनोऱ्यावर चढून वळणारे पात्र न्याहाळतात. सीमेचा एक जुना पहारामनोराही गावात जपलेला आहे.

नदी मात्र नेहमीच सौम्य नसते. ऑगस्ट २००२ आणि जून २०१३ च्या महापुरांत मधल्या एल्बकाठची अनेक गावे बंधाऱ्यांवर वाळूच्या गोण्या रचत जागी राहिली. दोन्ही काठ आता एकाच देशात असल्यामुळे पूरनियंत्रणाचा विचार एकत्र करता येतो, हा सीमा पुसली गेल्याचा एक अगदी व्यावहारिक लाभ.

राज्यांची हद्द मात्र कायम आहे. शेजारचे वेनिंगन ज्या आम्ट नॉयहाउस भागात येते, तो १९९३ मध्ये लोकांच्या इच्छेने मेक्लेनबर्गमधून पुन्हा लोअर सॅक्सनीत गेला. रूटरबर्ग मेक्लेनबर्गमध्येच राहिले. २००४ मध्ये प्रशासकीय खर्चाच्या हिशेबात अशी लहान गावे मोठ्या नगरांत विलीन केली जात असताना रूटरबर्गची स्वतंत्र ग्रामसंस्थाही संपुष्टात आली. ज्या गावाने आपले कायदे आपण करण्याचा ठराव केला होता, त्याचा कारभार आता ड्योमित्सच्या नगरपालिकेतून चालतो.