चार दिवसांचा आठवडा, बारा तासांचा दिवस

परवा माझा भाचा शिरूर तालुक्यातून दौंडला आला होता. तो रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहे. जेवण झाल्यावर म्हणाला, "मामू, चार दिवस बारा-बारा तास करायचे आणि तीन दिवस सुट्टी, असं आमच्याकडं बोलणं चाललंय. हो म्हणू का?"

त्याच्या डोक्यात दोन हिशेब होते. एक म्हणजे जुम्याला घरी राहता येईल. दुसरा असा की कांद्याच्या लागणीला माणसे मिळत नाहीत, तर तीन दिवस स्वतःच रानात उतरता येईल. दोन्ही हिशेब खरे होते. मी हो म्हणणारच होतो, पण बारा तास या शब्दाशी थांबलो. आपल्या भागात या तासांचा इतिहास मोठा आहे आणि तो आम्ही पोरांना कधी सांगितलेला नाही.

सुरुवात नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून करतो. त्यांचे मूळ गाव कन्हेरसर, म्हणजे शिरूरला लागून असलेल्या खेड तालुक्यातले. ते जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक होते. त्या काळी मुंबईच्या गिरण्या दिवस उजाडताना सुरू होत आणि मावळताना थांबत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सप्टेंबर 1884 मध्ये लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांवर सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार महिन्याच्या 15 तारखेपर्यंत आणि अपघात झाल्यास मदत. सूर्यास्तापर्यंत काम करायला त्या माणसांची ना नव्हती. त्यांनी आधी मागितला तो आठवड्याचा एक दिवस. तो मिळायला जून 1890 उजाडला. त्या मागण्यांवर सह्या करणाऱ्या गिरणगावात आमचे जुलाहे, मोमीन विणकरही होते. त्यांचा जुमा वेगळा असला तरी रविवार सगळ्यांचा झाला.

दिवसाचे तास कमी व्हायला मात्र पुढची साठ वर्षे गेली. 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी 12 तासांची मर्यादा घातली. म्हणजे भाच्यापुढे आज जी पाळी ठेवली आहे, ती तेव्हाच्या कामगाराला मिळालेली सवलत होती. 1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या बाजूने तेथे ना. म. जोशी गेले होते. जगासाठी दिवसाचे 8 आणि आठवड्याचे 48 तास ठरले, पण हिंदुस्थानला वेगळे कलम लावून आठवड्याचे 60 तास दिले गेले. 1922 च्या कायद्यात ते 60 तास आले. 1934 मध्ये ते 54 झाले. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात कामगारखाते सांभाळत असताना 48 झाले. 1948 च्या कारखाने कायद्याने दोन्ही कुंपणे पक्की केली : दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48. यातले कोणतेही एक ओलांडले की वरच्या तासांना दुप्पट मजुरी.

दोन कुंपणे का, हे दौंडकरांना वेगळे सांगायला नको. आमचे गाव रेल्वेवर वाढले. 1878 मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. माझे अब्बा इंजिनावर होते. आमच्या घरात सोमवार-मंगळवार नव्हते. कॉलबॉय वही घेऊन दारात यायचा, अब्बा सही करायचे आणि डबा भरला जायचा. ते झोपलेले असले की आम्ही पोरे दिवसाही कुजबुजत बोलायचो.

रेल्वेवाल्यांचे तास कारखाने कायद्यात बसत नसत. त्यांच्यासाठी 1947 मध्ये न्या. राजाध्यक्ष यांचा निवाडा आला. त्याने सलग काम करणाऱ्याला आठवड्याचे 54 तास ठरवले आणि ज्याचे काम थांबून थांबून चालते त्याला 75. फाटकावरचा गेटमन बहुधा या दुसऱ्या वर्गात जाई. गाडी नसताना तो नुसता बसलेला असतो, असा त्यामागचा विचार होता. पण बसलेला माणूस घरी नसतो. पुढे न्या. मियाँभाई यांच्या लवादाने 1972 मध्ये 54 चे 48 केले. 1973 मध्ये इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी संप केला तो दिवसाच्या तासांसाठी, आणि 10 तासांच्या मर्यादेचे आश्वासन मिळवले. 8 मे 1974 ला देशभर रेल्वे थांबली तेव्हाही आठ तासांचा दिवस मागण्यांत होता. आठवड्याची बेरीज कितीही बरोबर असली, तरी चौदाव्या तासाला सिग्नल पाहणारे डोळे त्याच माणसाचे असतात.

अलीकडचे एक उदाहरण आपल्या सरकारी कचेऱ्यांचे आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला. लोक म्हणाले, बाबूंची चैन झाली. हिशेब बघा. आधी वर्षाला 288 दिवस, रोज सव्वासात तास, म्हणजे 2088 तास होत. नंतर 264 दिवस, रोज 8 तास, म्हणजे 2112 तास. सुट्ट्या वाढल्या आणि कामाचे तास 24 ने वाढले. रोज 45 मिनिटे देऊन शनिवार विकत घेतला, असा तो सौदा होता. कायम नोकरी आणि ठरलेला पगार असलेल्याला तो परवडला. तहसीलचा शिपाई आणि रांजणगावचा ठेक्यावरचा पोरगा यांची गोष्ट मात्र एक नाही.

3 सप्टेंबर 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे 48 तास कायम ठेवले. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणून चार दिवसांच्या आठवड्याची चर्चा सुरू झाली. त्याच निर्णयात तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास झाली, कामगाराची लेखी संमती घेऊन. पुढे 21 नोव्हेंबर 2025 ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1948 चा कायदा त्यांत गेला.

मी भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. तीन महिन्यांत 13 आठवडे. 144 तास त्यांत वाटले तर आठवड्याला साधारण 11 येतात. 48 आणि 11 मिळून 59. म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला पाचव्या दिवशीही बोलावले आणि तू सही केलीस, तर कायद्यात बसून तू 59 तास भरशील. 1922 चा आकडा 60 होता.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण पाचव्या दिवसाचे पैसे डबल मिळतील ना?" मिळायला हवेत, कारण ते 48 च्या वरचे आहेत. पण आज दहाव्या, अकराव्या, बाराव्या तासाला जो डबल मिळतो, तो चार दिवसांच्या आठवड्यात साधा होईल. आणि ठेक्यावरच्या माणसाची लेखी संमती कशी घेतात, हे त्यानेच मला सांगावे.

चार दिवसांच्या आठवड्याला मी वाईट म्हणत नाही. आइसलँडमध्ये 2015 पासून प्रयोग झाले, त्यात तासच कमी केले आणि पगार तेवढाच ठेवला. बेल्जियमने 2022 मध्ये तास तेवढेच ठेवून चार दिवसांत बसवण्याचा हक्क दिला, पण मागणी कामगाराने करायची. आपल्याकडे विचारणा कोणाकडून आली, हे आधी पाहावे.

शिवाय आपल्या भागाचे वेगळेच आहे. बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचे दोन तास, म्हणजे चौदा तास घराबाहेर. रात्री बसमधून उतरून उसाच्या कडेने घरी जायचे आणि शिरूरच्या उसात आता बिबट्या आहे. उरलेले तीन दिवस कांद्यात. विश्रांती कुठल्या वारी, हे मी त्याला विचारले. तो हसला. म्हणाला, "मामू, शेतकऱ्याला कुठला वार?"

शेवटी आम्ही ठेकेदाराला विचारायचे तीन प्रश्न कागदावर लिहिले. तीन दिवसांची सुट्टी पगारी का? सुट्टीचे वार कायम का, की दर आठवड्याला बदलणार? आणि पाचव्या दिवशी नाही म्हटले तर सहावा आठवडा काम राहील का? तिसरा प्रश्न त्यानेच सांगितला. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीला निघाला, कारण रात्री मोटारीला वीज येणार होती.